जनानं बघितलेली गाडी

जना, आज तुझी गाडी बघायला गिऱ्हाईक आलं होतं.

तू गेल्याला एकोणीस दिवस झाले. तेरावं झालं, पाहुणे आपापल्या गावी गेले, शहापूरबाहेरच्या तुझ्या गॅरेजच्या शेडचं शटर खाली आहे ते आहे. परवा कविता मला म्हणाली, "भावजी, गाडी तेवढी हलवा दारातून. ती उभी दिसली का मला वाटतं हे शेडमदी हायेत. काल दोनदा चहा ठेवला मी यांच्यासाठी." एवढं बोलून तुझी बायको आत गेली आणि तांदूळ निवडायला बसली.

रडत कुणीच नाहीये, जना. तुझी ताई, म्हणजे आमची सुमन, टीव्हीवरच्या लग्नात पण डोळ्याला पदर लावते. ती कोरड्या डोळ्यांनी भांडी घासते. मला वाटलं होतं, तू गेल्यावर मी मोठ्यानं रडेन. तसलं काही झालं नाही. ताट समोर आलं की जेवतो, कुणी विचारलं तर बोलतो. फार वेळ मांडी घालून बसल्यावर पाय बधिर होतो ना, तसा मी सगळाच झालोय. कुणीतरी चिमटा काढावा असं वाटतं, पण काढला तरी कळेल की नाही कुणास ठाऊक.

आणि मी म्हणजे कोण, तर मुरबाडचा जुन्या गाड्यांचा एजंट. तोंडावर पोट भरणारा माणूस. तू म्हणायचास, "दाजी, तुमी मेलेली गाडीपण बोलून बोलून उठवाल." बहिणीचा नवरा म्हणून मान द्यायचास आणि त्याच तोंडानं चेष्टा करायचास. आता ते बोलणं कुठं गेलं देव जाणे. गेले पंधरा दिवस दुकानात माणूस आला की मी त्याच्याकडे नुसता बघतो. म्हणून हे लिहायला बसलो. तुझ्या लेकीच्या, तन्वीच्या गेल्या वर्षीच्या वहीत मागची पानं कोरी होती, तीच घेतली.

दहाव्याला नदीवर एक शहाणा म्हणाला, "सगळ्यांच्या गाड्यांचा ताप बघितला जनानं, आणि स्वतःचा ताप अंगावर काढला." चार जणांनी माना डोलावल्या. मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. तुला ताप आला, सहा दिवस गोळ्यांवर काढलेस, कल्याणला नेईपर्यंत उशीर झाला. त्यात गाडी कशाला आणायची? माणूस मेलाय, त्याची म्हण कशाला करता? कावळा लवकर शिवला, सगळे म्हणाले सुटला. मी मनात म्हटलं, तो सुटला असेल, माझं काय.

आठवतंय, आपण खर्डीला गेलो होतो ते? फार्महाऊसवाल्याची पांढरी गाडी. डिझेल, चारही चाकं ओढणारी, बघूनच माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं. गिऱ्हाईक माझ्याकडे तयार होतं. दहाची वेळ ठरलेली. आपण पोचलो तर गाडी धुऊनपुसून आंब्याखाली उभी, आणि मालक हात पसरून "या, या, आधी चहा घ्या" म्हणतोय. तू नमस्कारसुद्धा केला नाहीस. सरळ गेलास आणि बॉनेटवर तळवा ठेवलास.

"शेठ, गाडी कुठं जाऊन आली काय?"

"छे, चार दिवस जागची हलली नाही."

तू हात पँटला पुसलास आणि म्हणालास, "मग उद्या येतो आमी." मी तुला मागून चिमटा काढला, तरी तू बाईकवर जाऊन बसलास. परतताना मला सांगितलंस, "दाजी, गरम इंजिन कुणाचंबी गोड चालतं. आजार कळतो तो सकाळी पहिली चावी मारली का. आणि गरम इंजिनाचं झाकण उघडता येत नाय, वाफ तोंडावर येते. इकणाऱ्याला तेच पायजे असतं. तुमी झाकण उघडूच नये."

दुसऱ्या दिवशी न कळवता साडेसहाला आपण दारात. मालक लुंगीवर, तोंडात ब्रश. बॉनेट गार. त्यानं पुन्हा चहाचं विचारलं तर तू म्हणालास, "आधी गाडीचं पाणी, मग आपलं." हा तुझा नेम मी सगळीकडे बघितला. कुणाच्या घरी तपासणी होईपर्यंत तू पाण्याचा घोट घेत नसायचास. आपल्याकडे फसतात ते इथंच, असं तुझं म्हणणं. एकदा का समोरच्याच्या घरचा चहा पोटात गेला, पोह्याची बशी हातात आली, त्याच्या म्हातारीनं गाव-नातं विचारलं, की मग त्याच्या गाडीला नावं ठेवायला आपली जीभ उचलत नाही. भिडेपोटी माणूस गाडी घेतो आणि पुढं दहा वर्षं शिव्या देतो.

तू रेडिएटरचं झाकण उघडलंस. पाणी पिवळं. बोट बुडवून वास घेतलास आणि बोट माझ्या नाकाखाली धरलंस. हळद. रेडिएटर गळायला लागला की आपल्याकडे कुणीतरी मूठभर हळद टाकायला सांगतंच. ती भोकात जाऊन बसते, चार दिवस गळती थांबते, आणि मग तीच हळद सगळ्या नळ्या तुंबवते. तू मालकाला अगदी गंभीर तोंडानं म्हणालास, "शेठ, हळद तर लागली. लगीन कवा?" तो बिचारा आधी हसला आणि मग त्याला कळलं.

मग झाकण उघडं ठेवूनच गाडी चालू करायला लावलीस. पाण्यात बुडबुडे यायला लागले, थांबेचनात. मी म्हटलं, हवा असेल. तू झाकण लावलंस आणि वरचा रबरी पाईप माझ्या हातात दिलास. "दाबून बगा." दोन मिनिटांत दगडासारखा कडक झालेला. "हेडचं गॅस्केट गेलंय. सिलिंडरातला गॅस पाण्यात शिरतोय. सपाटीला चालंल. माळशेजच्या चढाला लावा, अर्ध्यावर शिट्टी मारंल."

व्यवहार बारगळला. शहापूर येईपर्यंत मी तुझ्यावर खेकसत होतो. माझ्या पोटावर पाय देतोस, माझ्या जोडीला कशाला येतोस, वाटेल ते बोललो. तू ऐकून घेतलंस. उतरताना एवढंच म्हणालास, "गाडी चढावर मरते तवा तिच्यात आपण दोघं नसतो, दाजी."

खरं सांगायचं तर माझा धंदा उभा राहिला तो तुझ्या या खोडीवर. मुरबाडात, सरळगावात, किन्हवलीत लोक मला विचारायचे, "जनानं बघितलीय का?" बघितलीय म्हटलं की पुढं कुणी काही विचारायचं नाही. अकरा वर्षं मी गाड्या विकल्या नाहीत, जना, तुझं नाव विकलं. हे तुझ्यासमोर एकदाही कबूल केलं नाही. उलट म्हणायचो, माझ्यामुळे तुला कामं मिळतात.

थर्मोस्टॅटवरून तर आपण भांडलो ते अजून मिटलेलं नाही. तो डबीच्या झाकणाएवढा वॉल्व्ह, इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून ठेवणारा. सगळे मिस्त्री म्हणतात आपल्या उन्हाळ्यात तो काढून फेका, गाडी गार राहते. मी पण तेच म्हणायचो. तू म्हणायचास, तापमानाचा काटा वर चढतच नाही अशी गाडी दिसली की समजायचं, काढलाय, आणि काढलाय म्हणजे काहीतरी लपवलंय. एका होळीला पुरणपोळी खाता खाता आपण यावर तासभर वाद घातला, आणि शेवटी ताईनं दोघांच्या ताटातलं तूप काढून घ्यायची धमकी दिली. मला अजूनही वाटतं की तू चुकतोस. आता हे कुणाला सांगू?

बरं. किती वेळ इकडचं तिकडचं लिहीत बसणार. जे तुला सांगायचं राहिलंय ते सांगतो.

दोन वर्षं होत आली. डोळखांबच्या पुढच्या पाड्यावरचा किसन माझ्याकडे आला होता. त्याला चारही चाकं ओढणारी फोर-व्हीलच हवी होती, कारण नदीच्या पलीकडचा रस्ता पावसाळ्यात नुसता चिखल असतो आणि भाजी काय, आजारी माणूस काय, सगळं त्यातूनच काढायचं. माझ्याकडे एक आली होती. दोनदा मी ती चालवली होती आणि दोन्ही वेळा चढाला काटा वर गेला होता. मला माहीत होतं. तू कविताच्या भावाच्या लग्नाला नाशिकला गेलेलास. दोन दिवस थांबलो असतो तर तू आला असतास, गाडी बघितली असतीस, आणि व्यवहार मोडला असतास. म्हणूनच थांबलो नाही.

किसन नऊला येणार होता. साडेआठला मी गाडी चालू केली, वीस मिनिटं तशीच ठेवली. बंद केली आणि बॉनेटवर दोन बादल्या गार पाणी ओतलं, वरून पुसून घेतलं. तुझ्याकडून शिकलो होतो ना सगळं, फक्त उलटं वापरलं. किसननं काहीच तपासलं नाही. त्याला तेवढं कळतही नव्हतं. त्यानं एकच विचारलं, "जनाभाऊनं बघितली काय?"

मी म्हणालो, "बघितली."

पुढचं तुला माहीत आहे. पाड्यातल्या लग्नात त्यानं हौसेनं नवरदेवाला त्याच गाडीत बसवलं, आणि चढावर गाडीनं जीव टाकला. नवरदेव मुंडावळ्या बांधून दीड कोस चालत गेला. किसन गाडी टोचन करून, दोरीनं ओढत तुझ्याकडे घेऊन आला. नऊ दिवस तू दुसरं काम घेतलं नाहीस. हेड उतरवून नीट करून आणलंस, बसवलंस, त्याच्याकडून छदाम घेतला नाहीस. आणि दहाव्या दिवशी मुरबाडला माझ्या दुकानात आलास. बसलास नाही. उभ्यानंच विचारलंस, "दाजी, किसनला माझं नाव सांगितलं व्हतं काय? व्हय का नाय, एवढंच बोला."

मी म्हणालो, "नाही रे. मी कशाला सांगू?"

तू म्हणालास, "बरं." आणि गेलास.

त्यानंतर तू बोलणं टाकलं नाहीस. दिवाळीला आलास, भाऊबीजेला ताईकडून ओवाळून घेतलंस, मला हसलास. पण मी शेडवर कुठलीही गाडी घेऊन आलो की तू आधी बॉनेटवर हात ठेवायचास आणि मग म्हणायचास, "या दाजी." माझ्या स्वतःच्या गाडीवरसुद्धा ठेवलास एकदा. मी दर वेळी बघायचो. तोंडाचा पट्टा चालवणारा मी, त्यावर एक शब्द काढू शकलो नाही. मी धरूनच चाललो होतो की तू किसनला खरं सांगितलं असणार, आणि अख्खा पाडा मला शिव्या घालत असणार. म्हणून तेव्हापासून मी डोळखांबच्या रस्त्याला फिरकलो नाही.

आणि काल त्याच किसनचा फोन. "शेठ, जनाभाऊची गाडी देणार हायेत असं ऐकलं. मला पायजे." आवाजात कसला राग नाही, काही नाही. मला काही उमजेना. म्हटलं ये.

आज सकाळी मी त्याच्या आधी पोचलो. सहाला. तुझी हिरवी गाडी दवानं ओली होती. आत जाऊन बसलो. तुझं गळ्यात टाकायचं फडकं आरशाला तसंच लटकलेलं, डिझेलच्या वासाचं. चावी लावली. एकदा तिचा आवाज ऐकावा असं वाटलं, बास. पण त्याच क्षणी हेही डोक्यात आलं की आत्ता चालू केली तर किसन येईपर्यंत गरम होईल. यातलं आधी काय आलं, हे मला देवाशपथ सांगता येणार नाही. चावी काढून खिशात ठेवली.

मग बॉनेट उचललं आणि झाकण उघडलं. पाणी पिवळं, जना. हळद.

मला हसू यायला हवं होतं. सगळ्या तालुक्याला हळदीवरून टोमणे मारणारा तू, आणि तुझ्याच गाडीत मूठभर हळद. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असं मनात आलं आणि मी झाकण लावून टाकलं. राग पण आला नाही.

किसन आठला आला. शहापूरपर्यंत शेअर जीपनं, पुढं चालत. आल्या आल्या गाडीच्या नाकावर हात ठेवून त्यानं कपाळाला लावला. मी सवयीनं म्हणालो, "बघून घे. झाकण उघड, पाणी बघ."

"जनाभाऊची गाडी हाय, शेठ. तिला काय बगायचं?"

कवितानं चहा आणला. तो ओट्यावर बसून निवांत प्यायला. कागद कधी करायचे, एवढंच विचारलं. म्हणजे मला काही करायचं नव्हतं, जना. गरम करायला नको, पाणी ओतायला नको, खोटं बोलायलासुद्धा नको. नुसतं गप्प राहायचं होतं. गाडी दारातून गेली असती, कविता मोकळी झाली असती. आणि पुढच्या पावसाळ्यात ती चढावर मेली असती तर पाड्यावर लोक म्हणाले असते, जनाची गाडी. तुझ्या नावावर अजून एकदा.

मी उठलो आणि बॉनेट उघडलं. "किसन, इकडे ये. हे बघ, हळद आहे. रेडिएटर गळतोय हिचा."

तो वाकला. पाण्याकडे त्यानं बघितलंच नाही. रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर कथलाचा एक ओबडधोबड डाग दिलेला होता, त्यावर त्यानं बोट फिरवलं आणि म्हणाला, "हा तर माझा रेडिएटर."

"तुझा कसा?"

"माझ्या गाडीचा. दगड लागला व्हता तवा आमच्या इकडं डाग मारून घेतला, ही खूण. जनाभाऊनं हेड केलं ना, तवा हा बी गेलेलाच व्हता. दोनी गाड्या एकाच कंपनीच्या. त्यांनी आपल्या गाडीचा चांगला काढला आन् मला बसवला. हा फुटका आपल्याला लावला. म्हणाले, नवा घेईन सवडीनं. मी नको नको म्हटलं. ऐकलं नाय. म्हणाले, चूक माझी हाय, नुकसान मीच सोसणार."

मी विचारलं, "कसली चूक?"

किसननं माझ्याकडे जरा नवलानंच बघितलं. "गाडी बगताना चुकले ना ते. मी इचारलं, भाऊ, तुमी बगितली व्हती ना? म्हणाले, व्हय, बगितली व्हती, मला बुडबुडे दिसले नायत. असं तोंडावर कबूल करणारा माणूस मी दुसरा नाय बगितला. म्हणून तर म्हणतो, त्यांच्या गाडीला काय बगायचं."

जना, मी ओट्यावर बसलो.

तो पुढं सांगत होता. की पाड्यावर मग लोक म्हणायला लागले, जनाभाऊची नजर गेली आता. चार-पाच जण तुझ्याकडे गाड्या आणायचे ते बंद झाले, किन्हवलीला दुसऱ्या मिस्त्रीकडे जायला लागले. किसन एकटा येत राहिला. आणि मला गेला पावसाळा आठवला. शेडमध्ये काम नव्हतं, तू स्टुलावर बसून होतास आणि मी दात काढत म्हणालो होतो, "काय रे, डोळखांबची गिऱ्हाईकं पळाली वाटतं? जरा तोंड गोड ठेवत जा." तू साबणानं हात धूत होतास. हसलास. "बगू, येतील," म्हणालास.

मी किसनला सांगितलं. सगळं. की जनानं ती गाडी बघितलीच नव्हती, तो त्या दिवशी नाशिकला होता. की 'बघितली' हे मी खोटंच सांगितलं होतं. की गाडी आधी गरम करून ठेवली आणि बॉनेट पाणी ओतून गार केलं. बोलताना माझा आवाज कापला नाही, काही नाही, दुसऱ्याची गोष्ट सांगावी तसा सांगत होतो. कविता दारात उभी होती. तिनं पण सगळं ऐकलं.

किसननं कप खाली ठेवला. मग म्हणाला, "मंग भाऊ असं कशाला बोलले?"

याचं उत्तर कवितानं दिलं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "ताईंचं घर हाय ना ते. बहिणीच्या घराचं नाव जाईल म्हणून."

आणि ती आत गेली.

मला वाटलं किसन उठून जाईल. गेला असता तरी माझी तक्रार नव्हती. तो म्हणाला, "शेठ, मला एकट्याला सांगून काय उपेग? पाड्यावर चला आन् सगळ्यांसमोर बोला."

"येतो," म्हणालो. येत्या रविवारी जायचं ठरलंय. नवा रेडिएटर मी बसवून घेतो आणि गाडी घेऊनच जातो.

मग आम्ही दोघांनी गाडी तपासली. तुझ्या पद्धतीनं. झाकण उघडं ठेवलं, किसननं चावी मारली, पहिल्या फटक्याला सुरू झाली. एकोणीस दिवसांनी अंगणात तुझ्या गाडीचा आवाज. मी पाण्यात डोळे घालून उभा होतो. बुडबुडा नाही. झाकण लावून पाईप दाबला, मऊ. धूर काळपट आला आणि साफ झाला. हेड चांगलं आहे, जना, इंजिन तू लेकरासारखं ठेवलंयस. घरात कविता काय करत होती मला माहीत नाही. आतून भांड्याचा आवाज येत होता तो थांबला होता.

दुपारी मुरबाडला घरी आलो. सुमन वाल सोलत बसली होती. मी तिच्यासमोर खाली बसलो आणि तिलाही सांगितलं, अगदी पहिल्यापासून. ती माझ्याकडे न बघता सोलत राहिली. माझं संपल्यावर म्हणाली, "मला ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"गेल्या भाऊबीजेपासून. तुमच्या दोघांत काय बिनसलंय म्हणून मीच खनपटीला बसले त्याच्या."

"मग बोलली का नाहीस मला?"

तिच्या हातातला वाल तसाच राहिला. "त्यानं शपथ घातली होती मला. म्हणाला, ताई, तू इचारू नको. दाजी आपल्या तोंडानं सांगतील मला. येळ लागंल त्यांना, पण सांगतील."

एवढं बोलली आणि तिचा बांध फुटला. एकोणीस दिवसांचं सगळं तिनं तिथंच, वालांच्या सालींवर रडून घेतलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसलो. मला अजूनही रडू आलं नाही.

कल्याणच्या दवाखान्यात शेवटच्या दिवशी दुपारी तुझ्याजवळ मी एकटाच होतो, जना. कविता औषधं आणायला गेली होती. तू शुद्धीवर होतास. दोनदा डोळे उघडलेस आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिलास, खूप वेळ. मी खुर्ची पुढं ओढली, वाकलो, आणि तुला विचारलं, पंखा कमी करू का?

तू मान हलवलीस, नको म्हणून, आणि डोळे मिटलेस.